कोडमधल्या न दिसणाऱ्या स्पेस आणि टॅब एडिटरमध्ये कशा दाखवायच्या

पायथन म्हणतो, बाराव्या ओळीत इंडेंटेशन (ओळीआधी सोडलेली मोकळी जागा) चुकलंय. तुम्ही बारावी ओळ बघता, तर ती अकरावीच्या बरोबर खाली, एका रेषेत उभी. शब्द बरोबर, कंस बरोबर, कोलन जागच्या जागी. शेवटी वैतागून ती ओळ पुसता, तीच पुन्हा हाताने टाइप करता आणि प्रोग्राम गुमान चालायला लागतो. नक्की काय बदललं हे कळलेलं नसतं, त्यामुळे चार दिवसांनी पुन्हा तोच खेळ.

अशा वेळी डोकं खाजवण्याआधी एडिटरला सांगायचं की मोकळ्या जागेत काय काय भरलंय ते दाखव. खालच्या दोन ओळी बघा. एरवी त्या अशा दिसतात:

    एकूण = जुने + नवे
    शिल्लक = एकूण - खर्च

आणि खुणा चालू केल्यावर अशा:

····एकूण·=·जुने·+·नवे
→   शिल्लक·=·एकूण·-·खर्च··

(व्हेरिएबलची नावं देवनागरीत बघून दचकू नका, पायथन ३ ला ती चालतात.) मधला ठिपका म्हणजे एक स्पेस, बाण म्हणजे एक टॅब. पहिल्या ओळीआधी चार स्पेस आहेत, दुसरीआधी फक्त एक टॅब. टॅब पडद्यावर किती रुंद दाखवायचा हे ज्याचा त्याचा एडिटर ठरवतो. इथे ती रुंदी चार आहे, म्हणून दोन्ही ओळी एका रेषेत वाटतात. पायथनला रुंदी दिसत नाही, त्याला अक्षरं दिसतात. पायथन ३ अशा सरमिसळीला सरळ नकार देतो आणि टॅबएरर फेकतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोन ठिपके उगाचच लटकलेत, तेही आता दिसले. त्यांच्यामुळे पायथनचं काही बिघडत नाही, पण त्यांच्याबद्दल पुढे बोलायचंय.

नवशिक्यांना एक भीती हमखास वाटते, तिचं आधीच निरसन करतो. हे ठिपके आणि बाण फाइलमध्ये जात नाहीत. ते फक्त पडद्यावर रंगवलेले असतात. कॉपी केलं तर सोबत येत नाहीत, सेव्ह केलं तर साठत नाहीत, प्रोग्रामला त्यांचा पत्ताही नसतो. बिनधास्त चालू-बंद करा.

आणखी एक, मेनूंची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत असतील आणि शोधताना तशीच टाइप करावी लागतील.

व्हीएस कोडमध्ये

सगळ्यात झटपट उपाय कसलंही सेटिंग न बदलता होतो. फाइल उघडा आणि कंट्रोल + ए दाबा, मॅकवर कमांड + ए. व्हीएस कोड मुळातच सिलेक्ट केलेल्या भागातली मोकळी जागा खुणांनी दाखवतो, त्यामुळे पूर्ण फाइल सिलेक्ट केली की सगळे ठिपके आणि बाण वर येतात. संशय एकाच ओळीवर असेल तर तेवढीच ओळ माउसने ओढून सिलेक्ट करा. रोजच्या कामातल्या निम्म्या शंका एवढ्यानेच फिटतात.

खुणा कायम दिसत राहाव्यात असं वाटत असेल तर:

१. वरच्या व्ह्यू मेनूत जा, तिथे अपिअरन्स, आणि त्यात रेंडर व्हाइटस्पेस.

२. त्या नावापुढे आधीच बरोबरची खूण असेल तर पहिल्या क्लिकने ती जाईल आणि खुणा उलट पूर्ण बंद होतील. घाबरू नका, पुन्हा एकदा क्लिक करा. आता सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसतील.

३. ठिपक्यांची गर्दी नकोशी झाली की कंट्रोल + स्वल्पविराम दाबून सेटिंग उघडा आणि शोधाच्या चौकटीत रेंडर व्हाइटस्पेस टाका. तिथे पाच पर्याय आहेत. नन म्हणजे काहीच नाही, ऑल म्हणजे सगळं, सिलेक्शन म्हणजे फक्त सिलेक्ट केलेलं, ट्रेलिंग म्हणजे फक्त ओळीच्या शेवटचं. पाचवा बाउंडरी: दोन शब्दांमधली एकटी स्पेस सोडून बाकी सगळ्या मोकळ्या जागा तो दाखवतो.

माझं मत विचाराल तर बाउंडरी लावा आणि विसरून जा. ऑलमध्ये प्रत्येक शब्दामागे ठिपका येतो. पहिल्या दिवशी मजा वाटते, पण दोन दिवसांत डोळे त्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि मग गरज असेल तेव्हाही ते दिसत नाहीत. बाउंडरीत ओळीच्या सुरुवातीचं इंडेंटेशन आणि शेवटी राहिलेल्या स्पेस दिसतात, दोन शब्दांत चुकून पडलेली दुहेरी स्पेसही दिसते, आणि मधला मजकूर स्वच्छ राहतो. ठिपके फारच ठळक किंवा फारच फिके वाटले तर तो दोष तुमच्या थीमचा. कलर कस्टमायझेशन्समध्ये एडिटर व्हाइटस्पेस फोरग्राउंड या नावाचा रंग बदलता येतो.

आता नजर खालच्या पट्टीच्या उजव्या बाजूला न्या. तिथे ‘स्पेसेस: ४’ किंवा ‘टॅब साइझ: ४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. या फाइलमध्ये तुम्ही टॅबचं बटण दाबलं तर काय उमटणार ते त्यावरून कळतं. त्यावर क्लिक केलं की वर एक यादी उघडते, आणि नवी मंडळी नेमकी इथे गोंधळतात. ‘इंडेंट युजिंग स्पेसेस’ निवडलं तर यापुढे टाइप कराल तिथे स्पेस पडतील, पण आधीच फाइलमध्ये असलेले टॅब जसेच्या तसे राहतील. जुने टॅब बदलायचे असतील तर त्याच यादीतलं ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ निवडायला हवं. पहिलं निवडून ‘केलं तरी एरर जात नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

अजून एक चकवा. सेटिंगमध्ये तुम्ही चार स्पेस लावून ठेवल्यात, तरी एखादी फाइल उघडल्यावर खाली टॅब लिहिलेलं दिसतं. कारण डिटेक्ट इंडेंटेशन नावाचं सेटिंग मुळात चालू असतं. फाइलमध्ये आधीपासून जे आहे ते ओळखून व्हीएस कोड त्या फाइलपुरतं तुमचं सेटिंग बाजूला ठेवतो. ही सोय चांगली आहे, बंद करू नका. दुसऱ्याच्या फाइलमध्ये आपली पद्धत घुसडण्यापासून ती वाचवते.

इतर एडिटरांत

नोटपॅड++ मध्ये व्ह्यू मेनू, मग शो सिम्बॉल, मग शो ऑल कॅरेक्टर्स. टूलबारवर परिच्छेदाच्या खुणेचं बटणही आहे, त्याने हेच होतं. या एडिटरची खरी खुबी म्हणजे ओळीच्या शेवटी कोणतं अक्षर आहे तेही तो प्रत्येक ओळीला छोट्या काळ्या चौकटीत दाखवतो. ते पुढे कामाला येणार आहे.

जेटब्रेन्सच्या एडिटरांत, म्हणजे पायचार्म, इंटेलिजे वगैरे, व्ह्यू मेनूतल्या अ‍ॅक्टिव्ह एडिटरमध्ये शो व्हाइटस्पेसेस आहे. सेटिंगमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या खुणा वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. मधल्या बंद ठेवा. मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल + आर आणि लगेच कंट्रोल + डब्ल्यू. सब्लाइम टेक्स्ट मुळात सिलेक्ट केलेल्या भागातच खुणा दाखवतो. ड्रॉ व्हाइट स्पेस या सेटिंगला ऑल अशी किंमत दिली की सगळीकडे दाखवतो.

विममध्ये एस्केप दाबा, कोलन द्या आणि सेट लिस्ट लिहून एंटर मारा. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरची खूण येईल आणि टॅबच्या जागी ^आय दिसेल. शेवटचं अक्षर आणि डॉलर यांच्यात फट दिसली की समजायचं, तिथे स्पेस राहिल्यात. निओविममध्ये हीच आज्ञा थोडं वेगळं दाखवते: टॅबला >, शेवटच्या स्पेसला - आणि न तुटणाऱ्या स्पेसला (ती काय ते पुढे येतंय) +. बंद करायला सेट नोलिस्ट. ईमॅक्सवाल्यांना व्हाइटस्पेस-मोड सांगायची गरज नसावी.

आणि एडिटरच नसेल, दूरच्या सर्व्हरवर नुसत्या टर्मिनलमध्ये बसला असाल तर? लिनक्सवर कॅट आज्ञेला वजा चिन्ह आणि मोठ्या लिपीतला ए जोडा. टॅब ^आय होतो, ओळ संपते तिथे डॉलर येतो. मॅकच्या कॅटला तो मोठा ए कळत नाही, तिथे वजा चिन्हापुढे छोटे ई आणि टी द्यावे लागतात.

दिसलं, आता बरोबर काय?

टॅब चांगले की स्पेस, या वादात पडू नका. भाषा कोणती आणि प्रोजेक्टची रीत काय, एवढं बघायचं. पायथनची अधिकृत शैली, पेप ८, प्रत्येक पायरीला चार स्पेस सांगते. गो भाषेचं फॉरमॅट करणारं गोएफएमटी टॅब घालतं, तिथे स्पेसचा हट्ट धरणं व्यर्थ. यॅमल (सेटिंग लिहून ठेवायची एक पद्धत) फाइलमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब चालतच नाही. मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या मेक या साधनाच्या सूचनांच्या फाइलमध्ये, बरोबर उलट: आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासून हा नियम चालत आलाय. तिथे टॅबऐवजी आठ स्पेस पडल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ असं म्हणून मेक थांबतं, आणि ओळ बघून तुम्हाला कसलाच सेपरेटर हरवलेला दिसत नाही. त्यामुळे ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ मेकफाइलवर चुकूनही चालवू नका.

ओळ जिथे संपते तिथे

ओळ संपल्याचं सांगायलाही फाइलमध्ये अक्षर लागतं. लिनक्स आणि आजच्या मॅकवर ते एकच असतं, लाइन फीड, एलएफ. विंडोजवर जोडी असते, कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड, सीआरएलएफ. टेलिप्रिंटरच्या काळात एक आज्ञा छपाईचं टोक डावीकडे आणायची, दुसरी कागद वर सरकवायची, तिथून ही जोडी आली. विंडोजच्या साध्या नोटपॅडला तर २०१८ पर्यंत नुसतं एलएफ समजायचंच नाही, सगळी फाइल एका ओळीत पसरायची.

त्रास कुठे होतो ते बघा. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) लिनक्सवर नेली, चालवली, तर उत्तर येतं की बिन बॅश ^एम नावाचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, त्याचं नाव पहिल्या ओळीत असतं) सापडत नाही. ते ^एम म्हणजे पहिल्या ओळीच्या शेवटी चिकटलेलं कॅरेज रिटर्न. लिनक्स त्याला नावाचाच भाग समजतो.

व्हीएस कोडचे ठिपके-बाण ही गोष्ट दाखवत नाहीत. तिथे खालच्या पट्टीत एलएफ किंवा सीआरएलएफ लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून हवं ते निवडा, सेव्ह करा, झालं. पण एक पेच आहे. फाइलमध्ये काही ओळी एलएफच्या आणि काही सीआरएलएफच्या असतील, तर व्हीएस कोड उघडतानाच सगळ्या एकसारख्या करून घेतो आणि खाली एकच नाव लिहितो. भेसळ झाली होती हे तुम्हाला कळतच नाही. भेसळ बघायची असेल तर नोटपॅड++ किंवा वर सांगितलेली कॅट आज्ञा. कॅटमध्ये सीआरएलएफच्या ओळी ^एम$ ने संपतात, बाकीच्या नुसत्या $ ने.

ठिपक्यांना चकवणारी अक्षरं

आता जरा अवघड मंडळी. वेब पानावरून किंवा वर्ड प्रोसेसरमधून कोड चिकटवला की कधीकधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत) यू+००ए०. मॅकवर ऑप्शन दाबलेला असताना स्पेस दाबली तरी हीच उमटते, आणि भरभर टाइप करताना हे सहज घडतं. दिसायला हुबेहूब स्पेस, पण पायथन तिला स्पेस मानत नाही आणि ‘न छापता येणारं अवैध अक्षर’ अशा अर्थाची एरर देतो. त्या एररमध्ये यू+००ए० असं छापलेलं असेल तर नशीब समजा, गुन्हेगाराचं नाव आयतं मिळालं.

दुसरी शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी. ही जागाच घेत नाही, तिथे ठिपका तरी कुठे काढणार? एखाद्या नावाच्या मध्ये ती शिरली की दोन शब्द दिसायला सारखे आणि तुलनेत वेगळे. हिला पकडायची जुनी युक्ती म्हणजे बाणाच्या बटणाने एकेक अक्षर पुढे सरकायचं. अनेक एडिटरांत एका दाबाला कर्सर जागचा हलत नाही, तिथे ती बसलेली असते. तिसरं बॉम (बाइट ऑर्डर मार्क), यू+एफईएफएफ, फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) वाचताना पहिल्या रकान्याचं नाव काही केल्या जुळत नसेल तर याच्यावर संशय घ्या. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ दिसलं तर त्यावर क्लिक करून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ निवडा आणि साधं यूटीएफ-८ घ्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाने दाखवून दिलं की मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य अक्षरं वापरून कोड वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसरंच दाखवता येतं. त्यानंतर एडिटर या बाबतीत जागे झाले. आज व्हीएस कोड अशा अक्षराभोवती रंगीत चौकट काढतो आणि त्यावर माउस नेला की अक्षराचा युनिकोड क्रमांक सांगतो. हे युनिकोड हायलाइट नावाच्या सेटिंगमुळे होतं आणि ते मुळातच चालू असतं. चौकटी टोचतात म्हणून ते बंद करणारे पाहिलेत. करू नका.

काढून टाकायची सोपी रीत: संशयित अक्षर एकटंच सिलेक्ट करा, कंट्रोल + एफ दाबा. शोधाच्या चौकटीत ते आपोआप जाईल, दिसणार काहीच नाही, पण बाजूला किती ठिकाणी सापडलं तो आकडा येईल. मग न तुटणाऱ्या स्पेसच्या जागी साधी स्पेस घाला, आणि शून्य रुंदीची असेल तर बदलीची चौकट रिकामी ठेवा. विममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून छोटे जी आणि ए दाबले की त्याचा क्रमांक खाली दिसतो.

फक्त एक अपवाद, आणि तो आपल्या लिपीचा आहे. मराठी मजकुरात जोडणारं शून्य रुंदीचं अक्षर, यू+२००डी, मुद्दाम घातलेलं असू शकतं. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ आणि हलन्त वापरून लिहिता येतो, आणि साधा र, हलन्त आणि मग हे अदृश्य अक्षर घालूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही एकच. शोधताना मात्र एक लिहून दुसरा सापडत नाही, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायच्या रीतीनेही) हे दोन एक होत नाहीत. ‘सगळी अदृश्य अक्षरं उडवा’ अशी सफाई मराठी डेटावर चालवली तर रफार भलतीकडे जाऊन ‘दर्या’ होईल. कोडच्या ओळींतून ते खुशाल काढा. मराठी मजकुरात आधी र्‍य च्या जागी ऱ्य बसवून घ्या, मगच सफाई.

सफाई करताना

ओळीच्या शेवटी लटकलेल्या स्पेस बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण दुसऱ्याने त्या पुसल्या की बदलांच्या यादीत अर्थहीन ओळी दिसायला लागतात. व्हीएस कोडमध्ये ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस हे सेटिंग चालू केलं की दर सेव्हला त्या आपोआप जातात. मार्कडाउनसाठी (साध्या मजकुरात मथळे, याद्या लिहायची पद्धत) मात्र ते बंद ठेवा, कारण तिथे ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे ‘इथे ओळ तोडा’ अशी सूचना असते. अनेक ओळींच्या स्ट्रिंगमध्येही शेवटच्या स्पेसला अर्थ असू शकतो, तेवढं बघून घ्या.

जुन्या, चारजणांच्या प्रोजेक्टमध्ये हे सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करू नका. तुम्ही एका ओळीची चूक दुरुस्त कराल आणि कमिटमध्ये, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या तुमच्या नोंदीत, दोनशे ओळी बदललेल्या दिसतील. तपासणारा माणूस ती एक ओळ कुठे शोधणार? सफाई करायचीच असेल तर सगळ्यांना विचारून, वेगळ्या कमिटमध्ये, तिच्यात दुसरं काहीही न मिसळता. समजा असा ढीग तुमच्याच वाट्याला आला, तर गिट डिफला वजा चिन्ह आणि छोटा डब्ल्यू जोडा. मोकळ्या जागेतले बदल वगळून खरे बदल तेवढे दिसतात.

सगळ्यांचे एडिटर एका वळणावर आणायला एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवतात. टॅब की स्पेस, किती, ओळीचा शेवट कोणता, हे सगळं तिच्यात. जेटब्रेन्सचे एडिटर ती आपणहून वाचतात, व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेन्शन टाकावं लागतं.

आणि कमिट करण्याआधी गिट डिफला दोन वजा चिन्हं देऊन चेक हा शब्द जोडून बघा. नव्या ओळींत कुठे शेवटची स्पेस राहिली असेल तर फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर छापून येतो. मार्कडाउनच्या मुद्दाम ठेवलेल्या दोन स्पेसवरही तो बोट ठेवेल, तिकडे कानाडोळा करा. काहीच छापलं नाही तर कमिट करून टाका.